थोरली पाठवणी

बापाच्या मरणाची तयारी बापाच्या नकळत करायची, आणि तीही सुओनावर, हे काम यिंदीच्या गळ्यात पडलं होतं. शिवणकाम असतं तर कुणी आलं की पटकन गादीखाली सारता आलं असतं. सुओना म्हणजे सनईच्या जातीची, पितळी तोंडाची, बोरूच्या पत्तीची, मुळात बोंब मारायलाच घडवलेली. ती वाजली की टेकडीपलीकडचा माणूस हातातलं काम थांबवून कान देतो आणि लग्न आहे की मयत ते ठरवतो.

बाप म्हणजे हुई मानथुन. आमच्या सगळ्या खोऱ्यांत त्याला नुसतं उस्ताद म्हटलं की पुरायचं. यिंदी त्याची एकुलती एक. नावाचा अर्थच मुळी 'भावाला घेऊन ये'. ती काही भावाला घेऊन आली नाही. वाट पाहून पाहून मानथुननं एक दिवस वैतागून सुओना तिच्याच हातात दिली आणि चारचौघांत म्हणाला, "नाही तर नाही. फुंकायला मिशा लागत नाहीत." तेव्हापासून ती बापाच्या डाव्या हाताला उभी राहून लग्नं वाजवत आली. पुढे तिचंही लग्न झालं, नवरा लांबच्या शहरात इमारतींवर कामाला गेला आणि नववर्षापुरता घरी यायला लागला. म्हणून बापाचं दुखणं निघालं तेव्हा माहेरी येऊन राहायला तिला कुणाची आडकाठी झाली नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं यिंदीला आणि तिच्या आईला जिन्याशी बोलावून घेतलं. पोटात गाठ होती, आणि ती काढण्यासारखी राहिली नव्हती. घरी न्या, म्हणाला, जे खावंसं वाटेल ते द्या. बाप तेव्हा बाकावर बसून संत्रं सोलत होता. आई डोळे पुसून, तोंडावर राग आणून त्याच्यापाशी गेली.

"अल्सर आहे म्हणे. तिखट बंद!"

"तिखट बंद म्हणजे मेल्यातच जमा की," मानथुन म्हणाला आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली.

ज्याचं दुखणं त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. खोटं बोलायचं एकदा ठरलं की अख्खं गाव किती एकदिलानं कामाला लागतं ते बघण्यासारखं असतं. जो तो अंडी घेऊन यायचा, उस्तादचा रंग सुधारलाय म्हणायचा, अंगणाच्या वळणावर गेला की नाक शिंकरायचा. हे चांगलं की वाईट, देव जाणे. यिंदीला विचाराल तर त्या थंडीत तिला हे खोटं गळ्यातल्या फासासारखं वाटत होतं, आणि त्याचं कारण सुओना हेच होतं.

पाठवण्या दोन. नवरी माहेरच्या दारातून निघते तेव्हा वाजते ती धाकटी, शवपेटी खांद्यावर चढते तेव्हा वाजते ती थोरली. धाकटी यिंदीला झोपेतही आली असती. थोरलीची चालही ऐकून ऐकून तोंडपाठ होती. अडत होतं ते शेवटी. पेटी उचलली की अंगणातून निघून वाटेच्या वळणाआड जाईपर्यंत एकच सूर धरायचा, खालचा आणि मंद, आणि तो मध्ये तुटू द्यायचा नाही. तुटला तर खांदेकरी जागच्या जागी थबकतात. गेलेल्या माणसानं मागे वळून पाहिलं, असं समजतात, आणि घरातल्या बायका पुन्हा पहिल्यापासून आक्रोश करतात.

नाकानं श्वास आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालांत साठवलेला वारा पत्तीत सोडत राहायचा, हे तर सुओनावाल्याचं पोर लहानपणीच शिकतं. पण लग्नातला सूर मोठा असतो. त्यात श्वासाचा आणि गालांतल्या वाऱ्याचा हा सांधा कुठल्या कुठे बुडून जातो. मंद सुरात तो उघडा पडतो. यिंदीचा सूर दर वेळी नेमका तिथेच उचकी लागल्यासारखा तुटायचा.

हा सांधा कसा बुजवायचा ते एकट्या मानथुनला माहीत होतं. त्यानं ते कुणाला शिकवलं नव्हतं. उस्ताद स्वतःची सुओना खाली ठेवतो त्या दिवशी थोरली शिष्याला देतो, आणि मानथुननं सुओना खाली ठेवलीच नव्हती. आता यिंदीनं त्याच्यापुढे जाऊन 'बा, थोरली शिकव' म्हणणं म्हणजे 'बा, तू मरणार आहेस' असं तोंडावर सांगणं. विचारल्याशिवाय येईना, आणि विचारता तर येईना.

एवढा अट्टहास कशासाठी, असं तिचा गुरुभाऊ छांगशुनही म्हणाला होता. छांगशुन हा मानथुनचा थोरला शिष्य. थोरली अर्धी शिकण्याआधीच तो पळाला, आणि आता टेम्पोत ध्वनिक्षेपक, विजेवरचा कीबोर्ड आणि चमचमत्या झग्यातल्या दोन गायिका घालून मयती करत फिरायचा. उस्तादाला बघायला आला तेव्हा सफरचंदांची पिशवी टेकवून तो यिंदीला टेम्पोपाशी घेऊन गेला.

"यिंदे, उगीच रक्त आटवू नकोस. उस्तादांचीच जुनी थोरली माझ्याकडे मशीनमध्ये भरून ठेवलेली आहे. कळ दाबली की झालं. स्वतःची पाठवणी स्वतःच वाजवणारा माणूस दुनियेत दुसरा मिळायचा नाही बघ!"

"दादा, तू एवढा मोठा झालास, पण अक्कल टेम्पोच्या मागच्याच फळीवर ठेवलीस."

"आता ऐकतंय कोण श्वासबीस? लोक गायिका बघतात."

"बा काय म्हणाला होता ते विसरलास?"

छांगशुन विसरला नव्हता. मागच्या वर्षी शेजारच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्याला त्यानं अशीच कळ दाबून पोचवलं होतं, तेव्हा मानथुन सगळ्यांदेखत थुंकला होता. 'मला असं डब्यातून घालवलंत तर वाटेतून परत येईन आणि तुमच्या चुलीवर बसेन!' लोक हसले होते. यिंदी हसली नव्हती. ज्यानं सगळ्या खोऱ्यातली माणसं फुंकून पोचवली त्याच्या स्वतःच्या पेटीमागे डबा वाजणार, हे तिला तेव्हाच पटलं नव्हतं. तिनं मनाशी घेतलं ते घेतलं.

आता सराव करायचा कुठे? मयताशिवाय थोरली गावात वाजवत नाहीत. वाजली तर लोक मयतात जाळायच्या कागदी नोटा आणि अगरबत्त्या घेऊन धावत येतात, आणि मयत नाही म्हटल्यावर जे बोलतात ते ऐकवत नाही. म्हणून सकाळी सरपण आणते असं सांगून, मोळीच्या दोरीत सुओना गुंडाळून ती बाहेर पडायची.

आधी ती पडीक मळ्यातल्या कोरड्या टाक्यात उतरली. तिथे सूर बाहेर जायचाच नाही, आतल्या आत घुमत राहायचा. आधीचा सूर विरायच्या आत पुढचा त्यात मिसळायचा. त्या घुमण्यात स्वतःची चूक कुठून सापडणार? डोकं मात्र भणाणून गेलं.

मग तिनं बंद पडलेली वीटभट्टी धरली. भट्टीनं तिला गोड बोलून फसवलं. आत काजळीचा जाड थर होता, वर घुमट होता, आणि तिथे सुओना अशी मऊ वाजायची की तिचं तिलाच खरं वाटेना. सांधा ऐकूच येत नव्हता. चार सकाळी ती तरंगत घरी गेली. पाचव्या सकाळी हौसेनं भट्टीबाहेर येऊन उघड्यावर तोच सूर धरला, आणि उचकी! पुन्हा धरला, पुन्हा उचकी. भट्टी सगळ्या चुका गिळून तिला नुसता गोडवा परत देत होती. यिंदी तिथेच विटांच्या ढिगावर बसून रडली. मग उठून भट्टीच्या भिंतीला तिनं एक लाथ घातली आणि स्वतःचाच पाय दुखवून घेतला.

शेवटी रेल्वेच्या भरावाखालची मोरी सापडली. घळीच्या तोंडाशी असलेली, दगडी कमानीची, लांबलचक मोरी. पावसाळ्यात तिच्यातून पाणी जायचं, थंडीत तळाशी नुसता बर्फ असायचा. वरून कोळशाच्या गाड्या गेल्या की दगडांतून माती झडायची. पण मोरी खरं बोलायची. इकडून सूर सोडला की तो पार पुढे जाऊन, जरा दम खाऊन, जसाच्या तसा परत यायचा. तुटला असेल तर तुटलेलाच. एक चूक दोनदा ऐकावी लागायची, एकदा करताना आणि एकदा घरी परतलेली. यिंदीला हेच हवं होतं. बोटं बधिर व्हायची, पत्ती गारठून वाजेनाशी व्हायची म्हणून ती जिभेखाली धरून उबवायची, आणि पुन्हा सुरू करायची. दर वेळी मनातल्या पेटीबरोबर सूर अंगणापर्यंत जायचा आणि वळणाच्या आत तुटायचा.

घरी बाप उतरत चालला होता. तरी सकाळी पेज घ्यायचा. राळ्याची पातळ पेज, त्यात लाल बोरांचा गर कुस्करलेला. आई चमचा चमचा भरवायची आणि तो कधी अर्धा वाडगा तर कधी त्याहून थोडी जास्त घ्यायचा. डॉक्टरनं सांगितलेली मुदत कधीच उलटून गेली होती. गावात लोक म्हणायचे, उस्तादचा दम दांडगा. मध्येच त्यानं हट्ट धरून आपली गादी खिडकीशी हलवून घेतली आणि सकाळी खिडकीचं एक दार उघडं ठेवायला लावलं.

"बा, गारठशील. झोपायच्या ओट्याखाली चूल पेटवायची आणि वरून खिडकी उघडायची, हे कुठलं शहाणपण?"

"आत कोंडल्यासारखं होतं. आणि तू काय मला थंडी शिकवतेस? सरपण आणायला जातेस आणि चार काटक्या घेऊन येतेस. पोरी, तिकडे काय कुणी भेटतंय का?"

"अहो, लाज धरा जरा," आई म्हणाली. "लेकीला कुणी असं विचारतं?"

बाप हसला आणि मग बराच वेळ खोकला.

यिंदीनं एकदा आडून विचारून पाहिलं. पाय चेपता चेपता, सहज सुचल्यासारखं ती म्हणाली, "बा, धाकटीत कधी मंद सूर लांबवायचा झाला, तर सांधा कसा लपवायचा रे?"

"लग्नात मंद कोण ऐकतंय? लग्नात लोकांचं लक्ष जेवणाकडे," असं म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. यिंदीचा हात त्याच्या पायावर तसाच राहिला. बाहेर येऊन तिनं स्वतःला मनातल्या मनात वाटेल तसं बोलून घेतलं. आणखी एक प्रश्न विचारला असता तर त्याला कळलंच असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक नवीनच खूळ काढलं. चमचा नको म्हणाला, बोरूची नळी आणा, नळीनं पेज पितो. आईनं नळी आणली. वाडगा छातीवर घेऊन त्यानं नळी तोंडात धरली, आणि पेज वर ओढायच्या ऐवजी तो फुंकायला लागला. पेजेत बुडबुडे आले. बारीक बारीक, एकसारखे, थांबेचनात.

"अहो, खेळताय काय? सांडेल!" आई ओरडली. मग यिंदीकडे वळून हलकेच म्हणाली, "बघ बाई, आता पोरासारखं करायला लागले."

यिंदी बघतच होती. नाकपुड्या हलल्या, श्वास आत गेला, पण बुडबुड्यांची रांग तुटली नाही. आणि गाल! गाल फुगलेच नव्हते. पातळ, खोल गेलेले गाल होते तसेच होते. हलत होतं ते हनुवटीखाली, जिभेच्या मुळाशी. वारा गालांत नव्हता, जिभेखाली होता. लहानपणापासून ती चुकीच्या कोठारातून वारा काढत होती. बापाला धाप लागली, नळी निसटली, पेज गोधडीवर सांडली. आई पुसायला धावली. यिंदी मात्र दाराबाहेर जाऊन, पाठ करून, रिकाम्या तोंडानं जीभ हलवून बघत उभी राहिली. आजारी माणसाच्या पोरखेळातून आपल्या हाती घबाड लागलं, असंच तिला वाटलं. ती एवढी भाबडी कशी राहिली कोण जाणे. माणूस धास्तावला की त्याला समोरचं दिसत नाही, एवढंच खरं.

पुढच्या सकाळी मोरीत सूर वळणापर्यंत गेला आणि तुटला. त्याच्या पुढच्या सकाळी वळणावर नुसता डगमगला. मग एका सकाळी, भरपूर दव गोठलेलं असताना, वारा अजिबात नसताना, तिनं सूर धरला आणि तो निघाला. अंगण, फाटक, वळण. श्वास कधी घेतला ते तिचं तिला कळलं नाही. वळण गेलं तरी सूर होताच. तिनं सुओना ओठांवरून काढली आणि मोरीच्या उत्तराची वाट पाहिली. मोरीनं सबंध सूर परत आणून दिला, कुठेही जोड नसलेला.

यिंदी बर्फावर दोनदा घसरली, मोळी विसरली, आणि पळत घराकडे निघाली. कितीतरी दिवसांनी ती खूश होती. अर्ध्या चढावर तिच्या लक्षात आलं की आपण बापाची मयत साधली म्हणून खूश आहोत. तिची तिलाच शिसारी आली. तरी पाय काही हळू झाले नाहीत. डब्यातून जाणार नव्हता तिचा बा.

घरात बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई वाडगा घेऊन बसली होती. वाडगा भरलेला होता.

"आज घेत नाहीत," आई म्हणाली.

"दुखतंय का जास्त? बा?"

आईनं यिंदीला दंडाला धरून बाहेर, जात्यापाशी नेलं.

"आज नीट वाजवलंस ना?"

"कुठे? मी सरपणाला..."

"पुरे गं! त्या मोरीचं दुसरं तोंड कुठे उघडतं? आपल्याच घळीत ना? दव गोठलेल्या सकाळी आवाज घळीतून वर चढतो आणि सरळ ह्या खिडकीत येतो. बाकीचं गाव टेकडीआड आहे, त्यांना पत्ता नाही. ह्यांना पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय."

"पहिल्या दिवसापासून?"

"मी शिव्या द्यायला निघाले होते, कोण मेलं म्हणून सकाळी सकाळी वाजवताहेत. ह्यांनी बाही धरली. म्हणाले, थांब, आपलीच आहे ती. तिला सांगू नकोस. तिला वाटू दे की मला ठाऊक नाही." आईनं बाही तोंडावर दाबली. "रोज कान लावून बसायचे. सूर तुटला की हसायचे. म्हणायचे, अजून कच्ची आहे, अशी अर्धवट टाकून कसा जाऊ, आण ती पेज. अगं, तुझ्या त्या तुटक्या सुरावर जेवत होता माणूस! मीच म्हटलं, कशाला नळीबिळीची सोंगं करता, नका शिकवू तिला. तर माझ्यावरच डोळे वटारले."

"आणि आज?"

"आज शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, झालं. आणि भिंतीकडे वळले."

यिंदी जात्याला धरून खाली बसली. तिनं बापाला रोज सकाळी त्याचं मरण ऐकवलं होतं. वर ते इतकं वाईट वाजवलं होतं की त्याला जगावं लागलं. आणि आज आपल्याच तोंडानं तिनं त्याला मोकळं केलं होतं. कुठल्या गोष्टीसाठी रडावं तेच तिला कळेना.

त्या दिवशी बापानं पाण्याखेरीज काही घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा मोरीत गेली. सूर धरला आणि वळणाआधी तोडला. तो आपणहून तुटत नव्हता. जीभ आता ऐकत नव्हती, आपलं आपण काम करत होती. पत्तीवर दात रोवून तिनं सूर तोडला, परत धरला, परत तोडला. ऐक बा, ती मनात म्हणत होती, बघ किती कच्ची आहे, बघ. मोरी एकेक तुकडा परत आणून देत होती.

घरी आली तेव्हा बाप या कुशीवर होता. डोळे उघडे, दाराकडे लागलेले.

"इकडे ये. आज काय होतं ते?"

"काय, बा?"

"नाटक करू नकोस. ते तुझ्या आईला येतं, तुला येत नाही. हातातून पडलेलं भांडं आणि आपटलेलं भांडं, दोन्हींचा आवाज वेगळा असतो. तुटणारा सूर आधी थरथरतो. तुझा थरथरला नाही. मुद्दाम तोडलास."

यिंदीनं सुओना पाठीमागे धरली.

"आणि अल्सर म्हणे! अल्सरवाल्याला गाव एवढी अंडी देतं का? कोंबड्यांनासुद्धा कळलं असेल एव्हाना."

"बा, पेज घे."

"कशाला आता? काम झालं. काल पक्की वाजवलीस."

"मोरीत! मोरीत कुणीही वाजवेल. तिथे मी एकटी असते. ज्या दिवशी खरं वाजवायचं त्या दिवशी समोर तू असणार. तेव्हा तुटली तर? खांदेकरी थांबले तर? मग कुणाला विचारू मी?" तिचा आवाज चढला. "इथे वाजवते. आत्ता. तुझ्यासमोर. तुटली तर पेज घ्यायची."

"नाही तुटली तर?"

"नाही तुटली तर परत तुला घे म्हणणार नाही."

"मुद्दाम तोडलीस तर मला कळेल."

"माहीत आहे."

"जिवंत माणसाच्या घरात थोरली वाजवणार?" आई किंचाळली. "दोघांची डोकी फिरली आहेत! अख्खं गाव येईल कागद घेऊन!"

"आलं तर चहा कर," मानथुन म्हणाला. "वाजव गं."

यिंदीनं पत्ती ओली केली. हे असलं वाजवणं कुणाच्या नशिबी येऊ नये. जीव तोडून चांगलं वाजवायचं, कारण खोटं त्याला कळलं असतं, आणि आतून मात्र एकच धावा करायचा की तुटू दे. तिनं थोरली पहिल्यापासून घेतली. मातीच्या कमानीच्या त्या घरात सूर परत येत नव्हता. भिंती तो पिऊन टाकत होत्या, आणि जे उरत होतं ते नुसतं तिचं होतं. बापाची बोटं गोधडीवर तिच्या बोटांबरोबर हलत होती. पेटी उचलायची जागा आली. तिनं खालचा सूर धरला. तो सरळ निघाला. अंगण गेलं. नाकानं श्वास आत आला, जिभेखालून वारा गेला, कुठेही खाच नाही. फाटक गेलं. तुट, ती म्हणत होती, तुट ना. सूर ऐकेना. बापानंच शिकवलेला सूर, तो कशाला ऐकतोय.

वळणाशी बापानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. लग्नात टाळ्या पडल्या तरी तो म्हणायचा, घाई करतेस. आता त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही, पण तिला दिसलं. शाब्बास.

तिचा खालचा ओठ हलला. सूर थरथरला, आणि तुटला.

तिनं सुओना ओठांवरून काढली.

"तुटला," यिंदी म्हणाली. ती हुंदके देत होती आणि तरी तिचा आवाज भांडल्यासारखा होता. "बा, आपला आपण तुटला. मी नाही तोडला."

मानथुननं तिच्या हातातल्या सुओनाकडे पाहिलं.

"हं. आधी थरथरला," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? शब्द म्हणजे शब्द. आण."

आईनं धावत वाडगा आणला. यिंदीनं त्याच्या मानेखाली हात घातला, डोकं वर घेतलं आणि चमचा ओठांना लावला. त्यानं तोंड उघडून पेज आत घेतली. ओठ मिटले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पेज खाली उतरत नव्हती.

"गिळ ना, बा. थोडीच आहे."

त्यानं डोळ्यांनीच थांब म्हटलं. कपाळावर घाम आला होता. थुंकायला आईनं फडकं पुढे केलं तर त्यानं मान फिरवली आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

थोरली गावानं ऐकली होती. चढावर माणसांची कुजबुज आणि पावलं यायला लागली. कुणीतरी मोठ्यानं रडायलाही सुरुवात केली होती. आई दाराबाहेर गेली, आणि ती रागानं, रडत, एकेकाला सांगत असलेली ऐकू येत होती, "आहेत अजून! आहेत! माघारी जा!"

आत बाप लेकीकडे बघत पेज तोंडात तशीच धरून होता, आणि लेक दुसरा चमचा भरून थांबली होती.